१२१ पराभव की उणे ४२४ धावा? बेसबॉलमधला सर्वांत वाईट हंगाम मोजायचा कसा

फोंड्याची_टीचर

उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी संख्याशास्त्राचा प्रकल्प आखतेय. विषय मुलांनीच काढला: अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधले हरण्याचे हंगाम. पोप लिओ चौदावे शिकागो व्हाइट सॉक्सचे चाहते आहेत, २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या (लीगच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्याला ते प्रेक्षकांत बसले होते, हे मे २०२५ मध्ये सगळीकडे आलं. तेव्हापासून त्या संघाचं नाव इथल्या मुलांच्या तोंडी आहे. शोधायला गेल्यावर हाती लागला तो २०२४ चा हंगाम: १६२ सामने, ४१ विजय, १२१ पराभव. विसाव्या शतकापासून आजवर एका हंगामात इतके पराभव दुसऱ्या कुठल्याच संघाचे नाहीत. लगेच पुढच्या वर्षी कोलोरॅडो रॉकीज: ४३ विजय, ११९ पराभव.

अडलंय ते असं. दोनच विजयांचा फरक, तर सॉक्सचा संघ जास्त वाईट होता असं ठामपणे म्हणता येतं का? क्रिकेटवाली मुलं नेट रनरेटसारखं काहीतरी मागतायत. दुसरं, फलंदाजी ढेपाळली की पिचिंग (बेसबॉलची गोलंदाजी), हे आकड्यांतून वेगळं काढता येईल का? आणि फुटबॉलवाल्यांचा एकच हट्ट: इतकं हरून हा संघ खालच्या लीगमध्ये का जात नाही?

साध्या कॅल्क्युलेटरवर आणि लॉगच्या तक्त्यावर होईल अशी रीत सांगावी.

---

स्कोअरशीट_म्हापसा

टीचर, सुरुवातीलाच पराभवांची संख्या आणि विजयांचं प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. पूर्वी हंगाम १५४ सामन्यांचा असे, त्यामुळे नुसत्या संख्येवर जुने संघ आपोआप सुटतात. प्रमाण काढलं की चित्र असं दिसतं (आधी विजय, मग पराभव):

फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स १९१६: ३६-११७, म्हणजे ०.२३५
बोस्टन ब्रेव्हज १९३५: ३८-११५, म्हणजे ०.२४८
न्यूयॉर्क मेट्स १९६२: ४०-१२०, म्हणजे ०.२५०
वॉशिंग्टन सेनेटर्स १९०४: ३८-११३, म्हणजे ०.२५२
व्हाइट सॉक्स २०२४: ४१-१२१, म्हणजे ०.२५३

पराभवांचा विक्रम सॉक्सचा, पण प्रमाणात त्यांच्या खाली चार संघ आहेत. मुलांना १८९९ चा क्लीव्हलंड स्पायडर्स सापडेलच, २०-१३४. तो या यादीत घेऊ नका. त्याच्या मालकांनी सेंट लुईसचाही संघ विकत घेतला होता आणि नामांकित पिचर साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले. घरच्या मैदानावर प्रेक्षक येईनात, म्हणून बहुतेक सामने बाहेरगावी झाले आणि तिथे ११-१०१ अशी अवस्था झाली. मालकानेच रिकामा केलेला संघ हरला, यातून खेळाबद्दल काही कळत नाही.

आता मूळ प्रश्न. नेट रनरेटचं काम बेसबॉलमध्ये केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा यांचं गुणोत्तर करतं. त्यावरून संघाला किती सामने जिंकता यायला हवे होते, हे काढायचं सूत्र आहे. पायथागोरियन अपेक्षा म्हणतात त्याला. सुरुवातीला त्यात वर्ग वापरत, नंतर प्रत्यक्ष निकालांशी ताडून १.८३ हा घात ठरला.

सॉक्सचं उदाहरण. केलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३.

पहिल्यांदा ८१३ भागिले ५०७ = १.६०३६. त्याचा लॉग ०.२०५१. त्याला १.८३ ने गुणलं की ०.३७५३. अँटिलॉग २.३७३. त्यात १ मिळवा, ३.३७३. याचा व्यस्त ०.२९६५. गुणिले १६२, उत्तर ४८.

इथे मुलं दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे भागाकार उलटा करतात, मग हरणाऱ्या संघाला ११४ विजय येतात. उत्तर ८१ च्या खाली आहे का, एवढं बघितलं तरी ही चूक पकडता येते. दुसरी चूक लॉग दोनच दशांश स्थळांपर्यंत घेण्याची. ०.२०५१ ऐवजी ०.२१ घेतलात तर उत्तर ४७.३ येतं, म्हणजे जवळजवळ पाऊण सामना वाहून गेला. चार स्थळं ठेवा.

हेच चार संघांना लावलं की:

मेट्स १९६२: धावा ६१७/९४८, गुणोत्तर ०.६५१, अपेक्षित विजय ५०, प्रत्यक्ष ४०
डेट्रॉइट टायगर्स २००३: ५९१/९२८, ०.६३७, अपेक्षित ४९, प्रत्यक्ष ४३
सॉक्स २०२४: ५०७/८१३, ०.६२४, अपेक्षित ४८, प्रत्यक्ष ४१
रॉकीज २०२५: ५९७/१०२१, ०.५८५, अपेक्षित ४४, प्रत्यक्ष ४३

अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत साधारण चार सामन्यांचं अंतर पडतंच, ते दैवावर सोडता येतं. सॉक्सचं अंतर ७, मेट्सचं १०. रॉकीजचं फक्त १. म्हणजे रॉकीज जेवढे वाईट खेळले जवळजवळ तेवढेच हरले, आणि चौघांत धावांच्या हिशेबाने तेच सर्वांत खाली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: विक्रम सॉक्सच्या नावावर आहे, पण जास्त वाईट संघ २०२५ चा रॉकीज.

एक सोपी पळवाट इंटरनेटवर भेटेल, दहा धावांचा एक विजय. ती इथे वापरू देऊ नका. तिने रॉकीजचे ८१ वजा ४२.४ म्हणजे ३८.६ विजय येतात आणि सॉक्सचे ५०.४. जेमतेम बरोबरीतल्या संघांना ही रीत छान लागू पडते. इतक्या टोकाला गेलं की प्रत्येक जादा धावेची किंमत घटत जाते. १२-२ ने हरलेला सामना १५-२ ने हरला तरी पराभव एकच.

---

पर्वरी_पॅव्हेलियन

वरच्या शेवटच्या वाक्यालाच धरून एक शंका. एकतर्फी सामन्यांनी बेरीज फुगते, मग गुणोत्तर तरी खरं कसं मानायचं? नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या पर्वरीच्या मैदानावर रणजी प्लेट गटात गोव्याने अरुणाचल प्रदेशविरुद्ध २ बाद ७२७ वर डाव सोडला आणि समोरचा संघ ८४ आणि ९२ मध्ये गुंडाळला. बाकळे आणि कवठणकर, दोघांची त्रिशतकं, ६०६ धावांची अखंड भागी. असा एक सामना हंगामाच्या सरासरीत मिसळला की गोव्याची फलंदाजी कुठल्या कुठे दिसते.

रॉकीजचाही असा एक दिवस आहे. १० मे २०२५ ला पाड्रेजनी त्यांना २१-० ने हरवलं. दुसऱ्या दिवशी रॉकीज जिंकले, ७-३३ झाले आणि तरीही मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) बड ब्लॅक यांना काढण्यात आलं.

तो सामना बाजूला ठेवून हिशेब केला. १६१ सामने, ५९७ विरुद्ध १०००. अपेक्षित विजय ४५.१ येतात. सगळे धरून ४४.१ होते. म्हणजे त्या एका सामन्याने अख्खा एक अपेक्षित विजय खाल्ला. बराच मोठा घास आहे तो. तरी ४५ म्हणजे सॉक्सच्या ४८ पेक्षा कमीच, त्यामुळे म्हापशाच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. पण मुलांना हे करून बघायला लावा: सर्वांत मोठा पराभव आणि सर्वांत मोठा विजय, दोन्ही काढून पुन्हा गणित. उत्तर किती हलतं ते बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायची सवय लागू नये.

---

रात्रपाळी_वास्को

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे. हे दोन संघ अगदी वेगवेगळ्या कारणांनी हरले.

धावांना १६२ ने भागा. या दोन्ही वर्षांत लीगची सरासरी एका संघाला एका सामन्यात सुमारे ४.४ धावा होती. सॉक्सनी केल्या ३.१, दिल्या ५.०. म्हणजे बॅटने १.३ कमी आणि पिचिंग-क्षेत्ररक्षणाने ०.६ जास्त. तुटीतला दोन तृतीयांश वाटा बॅटचा. रॉकीजनी केल्या ३.७, दिल्या ६.३. बॅटने ०.७ कमी, पिचिंगने १.९ जास्त. इथे जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा पिचिंगचा. त्यांच्या स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, ६.६५ होता. ईआरए अधिकृतपणे नोंदवायला लागले १९१३ पासून, तेव्हापासूनचा हा सर्वांत वाईट.

सॉक्सची बॅट का चालली नाही? होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) कमी हे सगळ्यांना दिसतं. त्याहून मोठं दुखणं बेसवर पोचण्याचं. ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे हिट, वॉक (पिचरच्या चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) किंवा अंगावर चेंडू लागून बॅटर किती वेळा बेसवर पोचला, ती सॉक्सची ०.२७८. लीगची ०.३१२. फरक ०.०३४, ऐकायला किरकोळ. पण एका सामन्यात संघाच्या साधारण ३७ पाळ्या होतात. ३७ गुणिले ०.०३४ म्हणजे १.२६. दर सामन्याला सव्वा माणूस बेसवर कमी, हंगामाला दोनशेवर. बेसवर कुणी नसताना मारलेल्या होमरनची एकच धाव मिळते, म्हणून होमरनचंही मोल उतरतं. संघातला सर्वाधिक होमरनवाला अँड्र्यू व्हॉन, त्याचे १९. योआन मोंकाडा दुखापतीमुळे १२ सामने खेळला, लुईस रॉबर्ट १००. त्या जागी जे आले ते खालच्या स्तरावरून तयारी पुरी होण्याआधीच वर आणलेले.

आता अपेक्षित ४८ ऐवजी ४१ का? सगळं दैवावर ढकलू नये. चुरशीचे सामने शेवटच्या तीन-चार इनिंगमध्ये ठरतात, आणि तिथे काम बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचरांचं. संघात २६ खेळाडू, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर वजा केले की उरले आठ. गॅरेट क्रोशे हा त्यांचा सर्वोत्तम पिचर, ३.५८ ईआरए आणि १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). पण मेजर लीगमध्ये स्टार्टर म्हणून त्याचं ते पहिलंच वर्ष, हात सांभाळायचा म्हणून हंगामाच्या उत्तरार्धात त्याला चार इनिंगच्या पुढे जाऊच दिलं नाही. ३२ सामन्यांची सरासरी काढा, साडेचार इनिंग. नऊपैकी पाच इनिंग बुलपेनवर. राखीव पिचर सहसा एकेक इनिंग टाकतो, म्हणजे आठातले पाच एका रात्रीत वापरून झाले. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे उपलब्ध नसतात किंवा दमलेले असतात. त्या दिवशीचा स्टार्टर तिसऱ्या इनिंगला फुटला की दमलेल्यांनाच पुन्हा आणायचं, नाहीतर शार्लटच्या खालच्या संघातून कुणाला तरी घाईने बोलवायचं. सहाव्या इनिंगपर्यंतची आघाडी आठव्यात जाते ती अशी.

शिवाय चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले ते वेगळंच. डिलन सीझ हंगामाआधी मार्चमध्येच पाड्रेजकडे गेला. जुलैअखेर एका तीन संघांच्या सौद्यात एरिक फेडी आणि टॉमी फॅम कार्डिनल्सकडे, मायकल कोपेक डॉजर्सकडे. कोपेक शेवटची इनिंग टाकणारा. फेडीचा ईआरए ३.११, सात विजय चार पराभव, तेही अशा संघात! १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१ पराभव, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) विक्रमाशी बरोबरी. ८ ऑगस्टला मॅनेजर पेद्रो ग्रिफोल गेले, तोवर २८-८९. हंगामी मॅनेजर ग्रेडी साइझमोर यांच्या हाताखाली १३-३२. ग्रिफोल यांचं प्रमाण ०.२३९, साइझमोर यांचं ०.२८९. मुलं म्हणतील मॅनेजर बदलून फरक पडला. ४५ सामन्यांत ०.०५ म्हणजे जेमतेम सव्वादोन विजय. इतक्या नमुन्यावरून मॅनेजरचं श्रेय किंवा दोष काढणं चूक आहे.

---

मडगाव_मिडफिल्ड

खालच्या लीगचं मी सांगतो.

फुटबॉलमध्ये कितीही मोठं नाव असो, खाली जावं लागतं. २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ला आय-लीग जिंकलेला धेंपो २०१४-१५ च्या हंगामानंतर खालच्या श्रेणीत गेला, हे इथे मुलांच्या घरातल्या मोठ्यांना नीट आठवत असेल. मेजर लीग बेसबॉलमध्ये ही सोयच नाही. तीस संघ कायमचे. खालचे संघ स्वतंत्र क्लब नसून वरच्यांना जोडलेले असतात. वर उल्लेख आलेलं शार्लट म्हणजे सॉक्सचाच ट्रिपल-ए, म्हणजे लगेच खालच्या स्तरावरचा संघ. खेळाडू वर-खाली होतो, क्लब होत नाही.

उलट हरणाऱ्याला नवे खेळाडू आधी निवडायला मिळत. ह्यूस्टन अॅस्ट्रोज २०११ ते २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ सामने हरले, पुढच्या तिन्ही ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांची, आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत काढतात. तळाच्या तीन संघांना पहिल्या जागेची संधी सारखीच, प्रत्येकी १६.५ टक्के. १२१ हरलात काय नि १०५ हरलात काय, तळाच्या तिघांत असलात की हिस्सा तोच.

सॉक्सना तर तेवढंही मिळालं नाही. जे संघ लीगच्या सामायिक निधीत पैसे भरतात त्यांना लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली जागा घेता येत नाही. ज्यांना निधीतून पैसे मिळतात त्यांना लागोपाठ तीन वर्षं. शिकागो मोठं शहर, भरणाऱ्यांतलं. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पाचवी जागा घेतली होती. म्हणून १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये त्यांची पहिली निवड आली दहावी. रॉकीज पैसे मिळणाऱ्यांत. २०२४ ला तिसरी आणि २०२५ ला चौथी निवड घेतल्यामुळे २०२६ च्या सोडतीतून तेही बाद. हा नियम मला पूर्ण पटत नाही. मुद्दाम हरणाऱ्याला चाप बसतो हे खरं, पण खरोखरच नालायक झालेल्या संघालाही तोच चाप.

तळाला राहण्याचा एक फायदा मात्र उरतो, त्याकडे मुलांचं लक्ष वेधा. डिसेंबरात नियम क्रमांक पाचचा ड्राफ्ट होतो. दुसऱ्या संघाने आपल्या चाळीस जणांच्या यादीत न ठेवलेला खेळाडू एक लाख डॉलरला उचलता येतो. अट अशी की पुढचा अख्खा हंगाम त्याला २६ जणांत ठेवायचं, नाहीतर मूळ संघाला अर्ध्या पैशात परत घेण्याची संधी द्यायची. जिंकणाऱ्या संघाला असा नवखा वर्षभर पोसणं परवडत नाही. हरणाऱ्याला परवडतं. सॉक्सनी डिसेंबर २०२४ मध्ये पहिलीच निवड करून ब्रूअर्सचा शेन स्मिथ घेतला आणि तो २०२५ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. त्या वर्षी सॉक्स ६०-१०२. एकोणीस विजय वाढले, तरी शंभरावर पराभव.

---

फोंड्याची_टीचर

देव बरें करूं सगळ्यांचं. दोन दिवसांचं काम मार्गी लागलं. वर्गात आणखी दोन प्रश्न निघाले. रॉकीजचं शहर डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे आणि तिथे चेंडू लांब जातो असं एका मुलाने वाचलंय. मग रॉकीजच्या १०२१ धावा पिचरांच्या माथी मारणं अन्याय नाही का? दुसरा प्रश्न: सलग २१ पराभव हे दैव की अपरिहार्य?

---

स्कोअरशीट_म्हापसा

त्या मुलाला शाबासकी द्या, प्रश्न अचूक आहे.

रॉकीजच्या घरच्या मैदानावर, कूर्स फील्डवर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या मानाने पंधरा-वीस टक्क्यांनी. म्हणून मारलेला चेंडू लांब जातो, आणि पिचरचा वळणारा चेंडू कमी वळतो. त्यावर उतारा म्हणून तिथे मैदानही प्रशस्त ठेवलंय, पण मग क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेत हिट पडतात. २००२ पासून चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवतात, त्याने थोडा फरक पडला, पुरता नाही.

पण हे तिथे खेळणाऱ्या दोन्ही संघांना लागू. समजा मैदानामुळे दोघांच्याही धावा दहा टक्क्यांनी वाढल्या. वजाबाकी दहा टक्क्यांनी वाढेल, भागाकार आहे तिथेच राहील. म्हणून उणे ४२४ हा आकडा बातमीत कितीही ठसठशीत दिसला तरी तो थोडा फुगलेला आहे, आणि ०.५८५ फुगलेला नाही. प्रकल्पात गुणोत्तर वापरा, असं मी म्हणतो ते यासाठी.

वास्कोवाल्यांच्या वाटणीत मात्र दुरुस्ती हवी. मैदानाने दोन्हीकडे धावा वाढवल्या असतील तर रॉकीजची बॅट ३.७ वरून दिसते त्याहून वाईट होती, आणि पिचिंग ६.३ वरून दिसतं तितकं वाईट नव्हतं. तीन चतुर्थांश दोष पिचिंगचा, हे प्रमाण खाली येईल. पिचिंग हा मोठा वाटा आहेच, पण बॅट सुटत नाही. शिवाय घरी सरळ येणारे चेंडू बघायची सवय झालेल्या बॅटरला बाहेरगावी तोच चेंडू एकदम वळताना दिसतो, त्याचा त्रास रॉकीजच्या बॅटरांना दर दौऱ्याला होतो.

हुशार मुलांसाठी पुढची पायरी. धावा जास्त पडतात तिथे घातही थोडा वाढवावा लागतो. दोन्ही संघांच्या मिळून एका सामन्यातल्या धावा घ्या आणि त्याचा ०.२८७ वा घात काढा. सॉक्स: १३२० भागिले १६२ म्हणजे ८.१५, घात १.८३ च निघतो. रॉकीज: १६१८ भागिले १६२ म्हणजे ९.९९, घात १.९४. या घाताने रॉकीजचे अपेक्षित विजय ४४ वरून ४२ वर येतात. म्हणजे ४३ जिंकले ते अपेक्षेपेक्षा एक जास्तच.

---

रात्रपाळी_वास्को

मैदानाची दुरुस्ती मान्य, ती वाटणी मैदान न धरता केली होती.

२१ पराभवांचं गणित. सामना हरण्याची शक्यता १२१/१६२ = ०.७४७. त्याचा २१ वा घात ०.००२२. पण ही एका ठरावीक सामन्यापासून मोजलेली शक्यता. मालिका कुठल्याही विजयानंतर सुरू होऊ शकते. पहिल्या १४१ सामन्यांत असे विजय साधारण ३६, शिवाय हंगामाची सुरुवात एक, म्हणजे ३७ संधी. ३७ गुणिले ०.००२२ म्हणजे ०.०८. इतक्या कमजोर संघालाही बारा हंगामांतून एकदाच अशी मालिका भेटावी. अपरिहार्य म्हणता येत नाही.

मात्र या गणितात प्रत्येक सामना स्वतंत्र धरलाय, आणि तो तसा नसतो. दमलेलं बुलपेन उद्यावर बोजा टाकतं, आणि मालिका चालू असतानाच वर सांगितलेले तीन खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले. त्यामुळे खरी शक्यता ०.०८ पेक्षा जास्त होती. नाणेफेकीच्या गणितात आणि खऱ्या हंगामात फरक कुठे पडतो, हे मुलांना इथे हातात धरून दाखवता येईल.

बुलपेनचा मुद्दा मुलांनी स्वतः तपासावा असं वाटतं. प्रत्येक सामन्याचा इनिंगवार धावफलक मेजर लीगच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. कागदावर तीन रकाने: सहाव्या इनिंगअखेर कोण पुढे, स्टार्टरने किती इनिंग टाकल्या, शेवटी कोण जिंकलं. १६२ ओळी एकट्याने भरू नयेत. दहा मुलांत वाटून द्या आणि एकाने भरलेल्या ओळी दुसऱ्याकडून तपासून घ्या. सहाव्या इनिंगला पुढे असून गमावलेले सामने मोजा, मग स्टार्टर पाच इनिंगच्या आत गेला अशा सामन्यांच्या दुसऱ्या दिवशीचे निकाल वेगळे काढा. एका दिवशी दोन सामने झालेत तिथे गफलत होते, कारण दोन्हींची तारीख एकच. १० जुलै २०२४ ला तसंच आहे. तारखेऐवजी सामन्याचा क्रमांक लिहा.

---

मडगाव_मिडफिल्ड

एखादा सामना मुलांना थेट दाखवायचा असेल तर वेळेचं बघा. उन्हाळ्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागे, डेन्व्हर साडेअकरा. शिकागोचा संध्याकाळी ६:४० चा सामना आपल्याकडे पहाटे ५:१० ला, डेन्व्हरचा सकाळी ६:१० ला. शाळेच्या दिवशी पहिल्या चार-पाच इनिंग होतील. शिकागोचा दुपारी १:१० चा सामना इथे रात्री ११:४० ला लागतो, तो मुलांसाठी सोडून द्या. शनिवारी पहाटेचा घ्या, तो त्यांचा शुक्रवार रात्रीचा असतो. तक्त्यात तारीख लिहिताना त्यांची लिहायची, आपली नाही.